मास्कला काज

११ जानेवारी

डॉक्टरांनी ताईला सांगितलं, काय खाता आणि खाल्ल्यावर पोटात काय होतं ते रोज लिहून ठेवा. ताईने तिथे शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी आल्यावर वही माझ्या मांडीवर टाकली. म्हणे तुझं अक्षर चांगलं आहे. माझं अक्षर काही चांगलं नाही. तिला कंटाळा आहे, एवढंच. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हुकूम तिचे आणि हेलपाटे माझे, अशी आमची वाटणी आहे. समोर मी तिला अहो-जाहो करते. वहीत करणार नाही, इथे कोण ऐकतंय.

आम्ही दोघी शिवणाऱ्या. आधी कारखान्याच्या शेडमध्ये शिवायचो, आता घरच्या पुढच्या खोलीत उशा आणि खुर्च्यांची कव्हरं शिवतो. मशिनी समोरासमोर लावल्यात, म्हणजे काम करता करता भांडता येतं. भावजी गेल्यापासून ताई आमच्यातच जेवते. हल्ली तिच्या मशीनवर दोऱ्याच्या रिळांपेक्षा जळजळीच्या गोळ्यांची पाकिटं जास्त असतात. दाणे खावेत तशा खाते.

वहीत दोन रकाने केलेत, एक ताईचा, एक माझा. यांनी विचारलं, तुझा कशाला? (हे म्हणजे आमचे नवरोबा. कारखान्याची बस चालवायचे, आता घरी बसून दोघींच्या कामात नाक खुपसतात.) मी म्हटलं, चांगल्या पोटाचं माप शेजारी असल्याशिवाय बिघडलेल्या पोटाचं काय कळणार? कापड बेतताना मूळ नमुना जवळ ठेवतातच की.

ताई : मऊ भात, दूध. जळजळ, मग ओकारी.
मी : भात, पालेभाजी, एक अंडं. काही नाही. पोट जरा लवकर भरलं.

१५ जानेवारी

ताईला आता पाव गिळतानाही त्रास होतो. कंबरेचा पट्टा आणखी आवळलाय. म्हणते बारीक झाले, बरं दिसतंय. मीही थोडी उतरलेय, पण माझं कारण वेगळं आहे. एकटीने समोर बसून भरपेट खायला लाज वाटते.

ताई : भाताची पेज, अर्धी. दुखलं.
मी : भात, सूप. अर्धा भात टाकला. तांदूळ यावेळी चांगला मिळालेला नाही.

१७ जानेवारी

आज नळी घालून आतून बघितलं. पुतणी सुट्टी काढून आली होती. ताईची एकुलती एक, बँकेत आहे, आईपेक्षा जास्त दरडावते. खिडकीवरच्या बाईने विचारलं, काय काम करायच्या? ताई म्हणाली, शिवणकाम. बाईने लिहून घेतलं. सिगारेट? नाही. दारू? ताई माझ्याकडे बघून म्हणाली, हिने आणली तर. त्या बाईला हसू आलं नाही.

मी बाहेर बाकावर बसून उशीचे अभ्रे टाचत होते. ताई बाहेर आली तेव्हा तिचा घसा धरला होता, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, बोट घालून शिवण उसवावी तसं वाटलं गं. आतला एक बारीक तुकडा तपासायला घेतलाय. डॉक्टर चेहऱ्यावरून काही कळू देत नाहीत. मला तर तो चेहराच आवडला नाही.

घरी आल्यावर मी ताईला म्हटलं, कारखान्याच्या तपासणीत तुमची छाती दरवर्षी स्वच्छ निघायची. छाती ठणठणीत असलेल्या माणसाला काय धाड भरणार आहे. ती म्हणाली, तेही खरंच.

२३ जानेवारी

कॅन्सर आहे. पोटात.

मी चहा टाकला होता, तो उतू गेला आणि तसाच राहिला.

२४ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. आज वही घेऊन बसल्यावर निदान काही करतेय असं वाटतं.

पोटात कसा? हे माझ्या डोक्यातून जातच नाही. छातीत म्हणाले असते तर मी हादरले असते, पण कळलं तरी असतं. आम्ही इतकी वर्षं छातीलाच भीत आलो. शेडमध्ये आम्ही कारखान्यातल्या तापलेल्या पाइपांचे कोट शिवायचो. कोट म्हणजे जाड गादीसारखं आवरण, पाइपाला बाहेरून गुंडाळायचं, म्हणजे आतली उष्णता आत राहते आणि कुणाचा हात भाजत नाही. ॲस्बेस्टॉस म्हटलं की लोकांना छपराचे पत्रे आठवतात. आमच्याकडे त्याचं कापड यायचं आणि त्याचाच दोरा यायचा. लोकरीसारखं मऊ, पांढरं. आम्ही त्याला नुसतं 'पांढरं' म्हणायचो. आज पांढरं किती आलं, पांढरं संपलं, असं.

पांढऱ्याची धूळ छातीला वाईट, हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्यातल्या एक-दोन पुरुषांना दम लागून घरी बसावं लागलं तेव्हापासून कारखान्यात छातीच्या फोटोची गाडी यायची. आम्ही रांगेत उभ्या राहायचो, श्वास धरायचो. माझी आणि ताईची छाती दरवेळी साफ. आम्ही काळजीच तेवढी घ्यायचो. धूळ आत ओढायची नाही, तोंडात आली तर थुंकायची नाही, कारण थुंकताना मोठा श्वास घेतला जातो आणि सगळी छातीत जाते. गिळून टाकायची. वर एक केळं खायचं. मुकादमच सांगायचा, छातीत गेलं ते बसून राहतं, पोटात गेलं ते सकाळी बाहेर पडतं. दुपारच्या सुट्टीत मेजावर केळ्यांचा घड ठेवलेला असायचा. मुकादम तसा मनाने चांगला होता. तोही केळी खायचा.

मग पोटात कसा?

ताई : काही नाही.
मी : चहा. एवढं ऐकल्यावर घशाखाली काय उतरणार.

२६ जानेवारी

ताई रडली नाही. पुतणी रडली, हे माडीवर जाऊन रडले आणि तोंड धुऊन खाली आले. मी अजून रडलेले नाही. मला राग येतोय आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही, म्हणून भांड्यांवर काढतेय. ताई मशीनवर बसून सहा खुर्च्यांची कव्हरं पुरी करत होती. म्हटलं, राहू द्या हो ताई. तर म्हणाली, बयाणा घेतलाय ना.

३० जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून काढते, नाहीतर उद्या मला वाटेल मी स्वप्नात बघितलं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. वयाने पुतणीएवढी. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. घरात कुणाला होतं का, खारवलेलं खाता का, काम काय करायच्या. ताई म्हणाली, शिवणकाम. डॉक्टरीणबाई लिहिणार, तेवढ्यात पुतणी म्हणाली, "आई, कसलं शिवणकाम ते नीट सांग ना. कारखान्यात पाइपांचे कोट शिवायच्या दोघी."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. कशाचे कोट, म्हणाल्या. ताईने सांगितलं. मी लगेच मध्ये बोलले, की छातीचं म्हणाल तर दोघींचे सगळे फोटो साफ आहेत, आम्ही अगदी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतलेली आहे. त्या म्हणाल्या, काय काळजी घ्यायचा ते दाखवा मला.

मला हुरूपच आला. पिशवीत शिवण होतंच. मी दोरा काढला आणि दाखवलं. पांढऱ्याच्या दोऱ्याचं टोक फार पिंजारतं, ते कोरडं असताना मोठ्या सुईतसुद्धा जात नाही. ते ओठांत धरायचं, जिभेने ओलं करायचं, पीळ द्यायचा आणि ओवायचं. दर हातभर टाक्याला एकदा. तोंडात तुसं यायची, ती गिळायची, कोटावर थुंकीचे डाग पडले तर मुकादम कोट परत करायचा. पुढे मास्क आले. मास्क घातल्यावर दोरा तोंडात घेता येईना. दरवेळी मास्क खाली ओढायचा, पुन्हा वर करायचा, आणि तेवढ्यात नाकात धूळ जायची. त्यावर तोडगा ताईने काढला. मास्कला बरोबर ओठांसमोर एक चीर द्यायची आणि तिला काज करायचं, सदऱ्याच्या बटणाला करतात तसं. दोरा काजातून आत घ्यायचा, ओला करायचा, बाहेर काढायचा. नाक झाकलेलंच राहतं. शेडमधल्या सगळ्या बायका सुट्टीत ताईच्या मेजाशी रांग लावून काज करून घेत होत्या. ताईसारखं काज कुणाच्या हातून होत नाही, एक टाका उसवत नाही. साहेब आले तेव्हा त्यांनी आमचा फोटोही काढला होता.

आणि मी पिशवीतून माझा मास्क काढून टेबलावर ठेवला. मी त्यात सुया खोचून ठेवते. काज अजून जसंच्या तसं आहे.

डॉक्टरीणबाई त्या मास्ककडे बघत राहिल्या. हात लावला नाही. मग त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी मागवली, चिमट्याने मास्क तिच्यात घातला आणि तोंड बांधून टाकलं. माझ्या सुया गेल्या.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. धागा छातीत जातो तसाच गिळल्यावर पोटातही जातो. सगळा सकाळी बाहेर पडत नाही. अशा कामाच्या माणसांमध्ये पोटाचा कॅन्सर इतरांपेक्षा काहीसा जास्त दिसला आहे. छातीएवढा पक्का पुरावा नाही, आणि एका माणसाकडे बोट दाखवून, हिला यामुळेच झाला, असं कुणालाच म्हणता येत नाही. पोटात एक जंतूही असतो, जेवणखाणही असतं. "पण तुम्ही मला आत्ता जे दाखवलंत," त्या म्हणाल्या, "ते मी कधी ऐकलंही नव्हतं. तुम्ही नाक वाचवलंत, आणि सगळं पोटात घेतलंत."

ताई खुर्चीचे हात धरून बसली होती. मला उगाचच वाटलं, आपण आपली हुशारी दाखवायला आलो होतो.

३१ जानेवारी

डॉक्टरीणबाई अजून लहान आहे. चार पुस्तकं वाचली की सगळ्यांना सगळं शिकवता येतं. मला विचाराल तर ताईला पहिल्यापासून तिखट फार लागायचं, हे त्याचंच आहे.

असं मी सकाळी यांना म्हणाले. हे माझ्याकडे बघून म्हणाले, तू दोरा चावू नकोस. मी मशीनवर होते. सुई ओवत होते. दोऱ्याचं टोक माझ्या ओठांत होतं. साधा सुती दोरा, उशीचा. मला कळलंसुद्धा नव्हतं.

ताई : दूध, दोन घोट. ओकारी.
मी : भात चार घास. वर आल्यासारखं झालं, धक्का बसलाय ना. शौचाला काळं होतंय दोन-तीन दिवस. ताकदीच्या गोळ्या घेतेय त्याचं असणार.

२ फेब्रुवारी

 आज दुपारी मी ताईचे पाय चेपत होते तेव्हा ती एकदम म्हणाली, "सगळ्यांच्या मास्कला मीच काज करून दिलं."

मी म्हटलं, आम्हीच मागितलं होतं. तुम्ही कुणाच्या मागे लागला नव्हता. आणि मास्क यायच्या आधीही आम्ही दोरा तोंडातच घेत होतो. ती म्हणाली, मास्क आल्यावर तरी थांबल्या असत्या. त्रास झाला असता, कटकट झाली असती, आणि कंटाळून कुणीतरी ओल्या फडक्याला टोक पुसून ओवलं असतं. मी सोपं करून दिलं.

 ओल्या फडक्याचं आम्हाला तेव्हा सुचलं नाही, हे खरं आहे. इतकं साधं. मी पाय चेपत राहिले आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. ताईने मला रडू दिलं आणि मग म्हणाली, पुरे, पाय ओले करू नकोस.

७ फेब्रुवारी

ताईने आता नवीनच काम काढलंय. शेडमधल्या जुन्या बायकांना शोधून काढते आणि फोन करते. बोलताना दम लागतो, मधे मधे थांबून पाण्याने ओठ ओले करते, पण सोडत नाही. सगळ्यांना एकच सांगते. पोटाचं काहीही दुखणं असेल, भूक मंदावली असेल, वजन उतरत असेल तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना कोट आणि काज दोन्ही सांगा.

कुणी लगेच ऐकलं. एक नुसती हसली. म्हणाली, मला तर दगड पचतात. एकीच्या सुनेने फोन ठेवून दिला. बुटकीच्या घरी केला तर तिचा मुलगा म्हणाला, आई जाऊन बरीच वर्षं झाली, अल्सर होता. ताईने फोन हातातच धरून ठेवला. बुटकी आमच्यात सगळ्यात भरभर शिवायची. तिच्याएवढा दोरा शेडमध्ये कुणालाच लागत नसे.

संध्याकाळी मी विचारलं, झाल्या का सगळ्या? ताई म्हणाली, एक राहिलीय. मी म्हटलं, मुकादमाच्या हाताखालची ती उंच बाई ना, ती मुलाकडे परदेशी असते, तिचा नंबर मिळणार नाही. ताई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, मिळेल.

ताई : सूप, अर्धी वाटी.
मी : सूप, तेवढंच. ताईला सोबत म्हणून.

१२ फेब्रुवारी

परवा ताईचं ऑपरेशन. आज अशी भांडलो की शेजारी दारात येऊन उभे राहिले.

सकाळी पुतणी आली, दवाखान्यात न्यायचं सामान भरत होती. ताईने चपला घातल्या नाहीत. म्हणाली, मी येत नाही. आधी हिच्या पोटात नळी घाला, मग माझं पोट फाडा.

मला आधी वाटलं औषधाने भ्रम झाला. मी म्हटलं, माझ्या पोटाला काय झालंय? सांगते, म्हणाली, आणि सांगितलं. महिनाभर तुझ्या ताटात भात उरतोय. आधी तांदूळ वाईट होता, मग लाज वाटत होती, मग धक्का बसला होता, मग मला सोबत करत होतीस. ब्लाउज टाचून घातलायस, शिवणाऱ्या बाईने. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतेस आणि काहीतरी शोधल्यासारखं करतेस.

मी फार चिडले. म्हटलं, तुम्ही मरणाच्या दारात आहात आणि माझं ताट मोजताय? स्वतःचं ऑपरेशन टाळायला माझ्या पोटाचं निमित्त करू नका. तारीख गेली तर पुन्हा कधी मिळेल? पुतणी रडत होती. हे मध्ये पडायला गेले तर मी त्यांनाही झापलं.

ताईचा आवाज मुळीच चढला नाही. ती खुर्चीत बसून होती, एवढीशी दिसत होती. "पहिलं काज मी तुझ्या मास्कला केलं, धाकटे," ती म्हणाली. "रांग लागायच्या आधी. नीट होतंय का बघायला तुझाच मास्क घेतला होता. आता तुझं बघितल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी होणार नाही, मग तारीख जाऊ दे नाहीतर मी जाऊ दे."

मी हो म्हटलं. तिचं ऑपरेशन चुकू नये म्हणून, बाकी कशासाठी नाही. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी मधे वेळ काढलाय. माझ्यात काही निघणार नाही, आणि मग मी ताईला आयुष्यभर ऐकवणार आहे.

१३ फेब्रुवारी

नळी घातली. शिवण उसवल्यासारखं वाटतं म्हणाली होती ते बरोबर आहे. तुकडा घेतला. डॉक्टरीणबाईंनी काळ्या शौचाबद्दल विचारलं, ताकदीच्या गोळ्या कोणत्या तेही विचारलं. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, यांनी शौच काळं होत नाही, आत रक्त वाहिलं तर होतं. मग म्हणाल्या, निकाल येऊ द्या.

बाहेर ताई बाकावर बसली होती. माझ्याच जागेवर, माझंच शिवण मांडीवर घेऊन. एक टाका घातला नव्हता.

१४ फेब्रुवारी

ताईला सकाळी नेलं. आम्हाला सांगितलं होतं की बराच वेळ लागेल, दुपार उलटेल. हे डबा आणायला गेले. पण डॉक्टरीणबाई लवकरच बाहेर आल्या. इतक्या लवकर की मला वाटलं काहीतरी विसरल्या असतील.

आजार बाहेर पसरलाय. काढण्यासारखं राहिलेलं नाही. उघडून बघितलं आणि परत शिवलं.

परत शिवलं. हा शब्द मी आयुष्यभर वापरलाय. आज कानावर पडला आणि मी भिंतीला टेकले. पुतणी म्हणत होती, काकू, बसा, काकू, बसा. डब्यात काय होतं ते कुणी उघडून पाहिलं नाही.

१६ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. पुतणीने सांगितलं, माझ्याच्याने होईना. ताईने ऐकून घेतलं आणि चादर बाजूला करून पट्टीच्या कडेने डोकावली. म्हणाली, टाके सरळ घातलेत पोरीने. मग मला विचारलं, तुझं काय निघालं? मी म्हटलं, अजून आलं नाही. ती म्हणाली, येईल तेव्हा खरं सांग. खोटं सांगायला जाशील तर मला तुझ्या कपाळावरून कळतं.

२० फेब्रुवारी

माझ्यातही आहे.

२१ फेब्रुवारी

लहान आहे. वरवरच्या थरात आहे, पसरलेलं दिसत नाही. पोटाचा एक भाग काढून टाकायचा आणि उरलेलं जोडायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक माणसं आमच्याकडे इतक्या लवकर येत नाहीत. दोघींना एकाच कारणाने झाला का, ते सांगता येणार नाही. चूल एक, पाणी एक, काम एक. त्यांना कुठलं तरी एक कारण धरायचं नाही, हे मला आता समजतं.

मी हे सगळं ऐकत होते आणि मनात एकच चाललं होतं. माझा रकाना मी चांगल्या पोटाचा नमुना म्हणून ठेवला होता. रोज लिहीत होते, स्वतःच्या हाताने, आणि मला काहीच दिसत नव्हतं.

ताईला जाऊन सांगितलं. खरं सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपली. मग तिने माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, काढता येईल असं म्हणाली ना? मी म्हटलं, हो. परत एकदा सांग, म्हणाली. मी परत सांगितलं. मग ती रडली. कळल्यापासून पहिल्यांदा रडली.

३ मार्च

उद्या माझं ऑपरेशन. ताईला घरी सोडलंय, पण ती ऐकत नाही, उद्या चाकाच्या खुर्चीतून येणार आहे. पुतणी म्हणते आईला सांगून उपयोग नाही. दगड पचतात म्हणणारीचा फोन आला होता. तिनेही तपासून घेतलं, तिचं काही नाही. ताईने हे मला दोनदा सांगितलं.

मला भीती वाटते. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही.

९ मार्च

आज उशी लावून बसवलंय. अक्षर वाकडंतिकडं येतंय, चालेल.

ऑपरेशननंतरचं मला काही आठवत नाही. हे सांगतात ते लिहिते. मी अर्धवट शुद्धीत होते, सिस्टरने तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला होता. मी सारखी हात वर नेत होते. सिस्टरला वाटलं मी तो काढतेय, तिने हात धरून ठेवले. पण मी काढत नव्हते. बोटाने ओठांसमोर चाचपत होते, पुन्हा पुन्हा, आणि मास्कमधून विचारत होते, ताई, काज कुठंय? ताई, काज सापडत नाही.

ताई चाकाच्या खुर्चीत पलंगाशी बसली होती. तिने वाकून माझ्या कानाशी सांगितलं, "नाही केलं गं. या वेळी नाही केलं."

मग मी शांत झोपले, असं हे म्हणतात.

आज ती आली नाही. तिला उठवत नाही. पुतणीला फोन करून तिने विचारायला लावलं, धाकटीच्या पोटात काय गेलं. आणि मी पुतणीला विचारलं, तुझ्या आईच्या पोटात काय गेलं. म्हणून आजचं लिहून ठेवते.

ताई : काही नाही.
मी : पाणी, दोन चमचे. टिकलं.